दारा सिंगच्या कुस्त्या खऱ्या होत्या का नुरा (म्हणजे आधी ठरवून खेळलेल्या)? घरात भांडण लागलंय

महालचा_मंग्या

राजेहो, प्रश्न थोडा भैताड वाटन पण घरातलं वातावरण बिघडून राहिलं म्हणून विचारतो. आमचे आबा ८४ वर्षांचे, कान थोडे गेलेत पण बाकी टणटणीत, आणि माझा पोट्टा ११ चा. मागच्या रविवारी चौकातून तर्रीपोहे आणले, तिघंही बसलो, पोट्टा मोबाईलवर डब्ल्यूडब्ल्यूई पाहून राहिला होता. आबांनी डोकावून पाहिलं आणि सुरू झाले, हे काय पाहतं बे, दारा सिंग पाहायचा होता, दोनशे किलोचा किंगकाँग डोक्यावर उचलून गरगर फिरवला आणि फेकला होता त्यानं. पोट्टा मान वर न करता म्हणे, आबा ते पण स्क्रिप्टेडच असन, सगळं आधी ठरलेलं असते.

झालं. आबांनी प्लेट सरकवली बाजूला. तर्री थंड होऊन वर तेलाचा थर जमला तरी हात लावला नाही. आज चार दिवस झाले, पोट्ट्याशी बोलून नाही राहिले. संध्याकाळी त्याला शुक्रवारी तलावाकडे फिरायला न्यायचे तेही बंद. मी मधात पडलो तर मलेच म्हणे, तू सांग, दारा सिंग नुरा खेळत होता का? आता मले काय माहीत, मी तर त्याला रामायणातच पाहिला, शेपटी लावलेला.

तर जाणकारांनो, कुस्त्या खऱ्या होत्या का? आणि हा माणूस पैलवानाचा ॲक्टर झाला तरी कसा? आणि अजून एक, आबा म्हणतात मी त्याले इथं नागपुरात या डोळ्यानं पाहिला. कुठं, कधी, विचारलं का चिडतात.

लाल_माती

मंग्याभाऊ, आधी आबाचे पाय धर मंग बाकीचं. मी १४ वर्ष आखाड्यात घासलो, आता गुडघे गेले म्हणून सकाळी पोट्ट्यायले जोरबैठका शिकवतो, तं मले जे समजते ते सांगतो, लांबन पण ऐकून घ्या.

दाराचं खरं नाव दीदार सिंग रंधावा. अमृतसर जिल्ह्यातलं धर्मूचक गाव, जन्म १९ नोव्हेंबर १९२८. शेतकऱ्याचं लेकरू, गावात मातीतच लोळलं. १९४७ साली सिंगापूरले गेला तो काई कुस्तीसाठी नाही, पोटासाठी, तिथं ड्रम बनवाच्या कारखान्यात कामाले लागला. तिथंच हरनाम सिंग नावाचा वस्ताद भेटला आन् ग्रेट वर्ल्ड नावाच्या जागी तालीम सुरू झाली. आता हे ग्रेट वर्ल्ड म्हणजे काय, तं अम्यूझमेंट पार्क. आपल्या मीनाबाजारासारखं समजा, पाळणे, नाचगाणं, खाणंपिणं आन् त्याच्यातच एका बाजूले कुस्तीचा रिंग. लोक तिकीट काढून येत होते. आपल्या नागपंचमीच्या दंगलीसारखं झाडावर बसून फुकटात पाहाचं काम नाही. तुह्या पोट्ट्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मले तं इथंच दिसते.

कारण तिकिटाच्या कुस्तीचं गणितच वेगळं. मातीतली खरी कुस्ती कशी असते, दोन तोलामोलाचे गडी भिडले तं चाळीस चाळीस मिनिटं नुसते मान धरून ढकलाढकली करतात आन् शेवटी पंच बरोबरीत सोडवून देते, नाहीतं मंग शड्डूचा आवाज विरायच्या आत पट काढला आन् चीत, मागच्या माणसानं तोंडात शेंगदाणा टाकेपर्यंत खेळ खलास. पैसे देऊन आलेल्या माणसाले हे दोन्ही परवडत नाही. म्हणून प्रमोटर लोक कोण जिंकन, किती वेळात जिंकन हे आधी ठरवत. त्यालेच आपल्याकडे फ्रीस्टाइल म्हणत होते. साऱ्या जगात तेच चालू होतं, अमेरिकेत तं पहिलेपासून.

आता किंगकाँग. खरं नाव एमिल चाया, मूळचा हंगेरीकडचा, सिंगापुरात राहून खेळत होता, वजन २०० किलोच्या आसपास. दारा सहा फूट दोन इंच, १३० किलोच्या घरात. तं बाबू, दोनशे किलोचा गडी मनापासून नाही म्हणत असन तं त्याले कोणाचा बापही डोक्यावर उचलू शकत नाही. तो अंग सैल सोडन, खाली बसन, तुह्या कमरेले मिठी मारून लटकन. उचलून घ्याचंच असन तं त्यानं स्वतः थोडी उडी मारा लागते, तुह्या खांद्यावर हात रोवून भार द्या लागते. तं हो, किंगकाँगनं मदत केली असन. पण उडी मारून वर गेल्यावर ते सारं धूड तिथं धरून ठेवाले मान कोणाची लागली? कंबर कोणाची लागली? आमच्या आखाड्यात ऐंशी किलोचं पोट्टं खांद्यावर घेऊन बैठका मारतानी गडी रडतात राजा. एक पाय घसरला असता तं दोघायचे मणके गेले असते, तिथं कोणता स्क्रिप्टवाला वाचवाले येत होता.

आबाले जेवाले सांगा.

संशयात्मा

(मूळ नागपूर, सध्या पुणे, त्यामुळे आधीच शिव्या देऊन घ्या.)

लाल_माती यांचं बरचसं पटलं, पण दारा सिंगबद्दल जी वाक्यं पिढ्यानपिढ्या फिरतात ना त्यांना जरा चांदणी (*, म्हणजे 'अटी लागू') लावून वाचायला हवं. पहिलं म्हणजे "पाचशे कुस्त्या, एकही हरला नाही". अहो, निकाल जर प्रमोटर ठरवत होता तर हरला नाही याचा अर्थ एवढाच की त्याला हरवण्यात कोणाचाच फायदा नव्हता. गर्दी त्याच्या नावावर येत होती, त्याला पाडलं तर पुढच्या आठवड्याचं तिकीट कोण काढणार.

दुसरं, १९५४ चं रुस्तम-ए-हिंद. टायगर जोगिंदर सिंगला हरवून मिळालं, महाराजा हरिसिंगांच्या हातून चांदीचा कप मिळाला, इथपर्यंत ठीक. तिसरं, १९५९ मध्ये कलकत्त्यात जॉर्ज गोर्डिएन्कोला हरवून तो कॉमनवेल्थ चॅम्पियन झाला. याचा राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेशी काडीचाही संबंध नाही, मी चांगल्या शिकलेल्या लोकांना "दारा सिंगने कॉमनवेल्थमध्ये गोल्ड आणलं" म्हणताना ऐकलंय. व्यावसायिक कुस्तीचा किताब होता तो.

आणि चौथं म्हणजे तो प्रसिद्ध वर्ल्ड चॅम्पियन किताब. २९ मे १९६८, मुंबई, अमेरिकेच्या लू थेझवर विजय. थेझ हे फार मोठं नाव, कबूल. पण त्या दिवशी थेझचं वय ५२ आणि दाराचं ३९. आणि अमेरिकेत ज्याला मुख्य मानायचे तो एनडब्ल्यूए (नॅशनल रेसलिंग अलायन्स) या संघटनेचा बेल्ट थेझने १९६६ मध्येच जीन किनिस्कीकडे गमावला होता, १९६८ मध्ये तो किनिस्कीच्याच कमरेला होता. म्हणजे जो किताब त्या वेळी थेझकडे नव्हता तो दाराकडे कसा आला? त्या काळी प्रत्येक प्रमोटरचा आपापला वर्ल्ड चॅम्पियन असायचा, हेच त्याचं उत्तर.

मला राग दारा सिंगचा नाही. मला वाईट वाटतं खाशाबा जाधवांचं. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं, अगदी खरं, एकही डाव ठरलेला नाही, आणि त्या माणसाला जायला पैसे नव्हते, प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार दिले. आणि इकडे ठरवून खेळणाऱ्यांच्या नावाने स्टेडियम भरत होती. आपल्या लोकांना खेळ पाहायचा नसतो, राक्षस मेलेला पाहायचा असतो.

लाल_माती

आले पुणेकर. खाशाबांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, त्याच्यावर वादच नाही. पण थेझच्या गोष्टीत तुमी अर्धंच सांगून राहिले. थेझ साधा शोवाला नव्हता, तो असली कुस्ती येणारा माणूस होता, सांधे तोडाचे डाव येणारा. असा माणूस कोणासमोरही पाठ टेकवत नाही, समोरचा कच्चा असन तं रिंगमधे जागच्या जागी त्याची इज्जत काढते. त्यानं स्वतः दाराबद्दल म्हटलं हाये का तो अस्सल कुस्तीगीर होता, शरीर जबरदस्त कमावलेलं होतं आन् त्याच्याकडून हारायले मले काही वाटलं नाही. ५२ वर्षाचा असो का ६२ चा, वस्ताद माणूस खोटं सर्टिफिकेट देत नाही. गोर्डिएन्कोचंही तसंच, तो कॅनडाचा, खऱ्या कुस्तीत कोणी त्याच्या नादी लागत नव्हतं.

आन् राक्षस मेलेला पाहाले लोक येतात म्हणता, तं येतातच न. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमी इतवारीत मारबत पाहाले जात नव्हते का? बडग्याले, म्हणजे वाईट गोष्टीच्या पुतळ्याले, शिव्या द्याले लाखो लोक येतात, शेवटी तो जळणार हे काय कोणाले माहीत नसते? किंगकाँग म्हणजे तिकीटवाला बडग्या होता. बिचारा बाहेर चांगला माणूस असन, पण रिंगमधे येऊन गुरगुरायचं, डोळे काढायचे, पब्लिकले डिवचायचं आन् मंग दारानं उचलून फेकला का घरी जायचं. १९७० मधे गेला तो, गाडीच्या ॲक्सिडेंटनंतर.

पिक्चरचा_किडा

ॲक्टर कसा झाला हा प्रश्न कोणी घेतलाच नाही म्हणून मी येतो. खरं म्हणजे वरच्या सगळ्या भांडणातच उत्तर आहे, बडग्याला हरवणारा हिरो तो आधीच झाला होता, आता फक्त कॅमेरा लावायचा होता.

१९५२ मध्ये संगदिलमध्ये छोटंसं काम, मग १९५५ मध्ये पहली झलकमध्ये थोडं, पण ते सगळं पैलवान पाहा पैलवान असंच. खरा हिरो झाला तो १९६२ मध्ये, सिनेमाचं नाव काय तर किंगकाँग! बाबूभाई मिस्त्रींचा, आणि त्यात माकड बिकड काही नाही बरं का, राजेरजवाड्यांची गोष्ट आहे, नाव मात्र बरोब्बर उचललं कारण पोस्टरवर दारा सिंग आणि किंगकाँग एकत्र लिहिलं की झालं काम. पुढच्या वर्षी फौलाद आला आणि मग थांबलाच नाही. सॅम्सन, हर्क्युलस, वीर भीमसेन, आया तूफान, हे सगळे एकट्या १९६४ चे. माझा अंदाज असा की त्या आधी इटलीचे हर्क्युलसछाप सिनेमे जगभर चालले होते आणि मुंबईच्या निर्मात्यांना आपला देशी हर्क्युलस पाहिजे होता, छाती तयारच होती, ५३ इंच म्हणायचे.

आता गंमत बघा. मोठ्या हिरोइनी याच्यासोबत काम करायला तयार नव्हत्या, पैलवानासोबत स्टंटपटात कोण येणार. म्हणून फौलादमध्ये घेतली एक एक्स्ट्राची कामं करणारी पोरगी, मुमताज. दोघांचे मिळून १६ सिनेमे झाले! सगळे त्यांना बी ग्रेड म्हणायचे, पण त्याच शिडीवरून मुमताज १९६९ ला दो रास्तेपर्यंत गेली आणि १९७० च्या खिलौनासाठी तिला फिल्मफेअर मिळालं. दारा मात्र आपला तिथंच, त्याला त्याची काही खंत असावी असं वाटत नाही, तो पुढचा सिनेमा करायला मोकळा.

आवाजाचा प्रॉब्लेम होता. पंजाबी इतकं जाड की सुरुवातीच्या सिनेमांत दुसऱ्याचा आवाज लावायचे. म्हणजे शरीर याचं, आवाज भलत्याचा. आणि तरी लोक पाहायचे, यावरून समजा लोक काय पाहायला जायचे.

दोन गोष्टी सांगतो ज्या मला फार आवडतात. १९६७ मध्ये चांद पर चढाई नावाचा सिनेमा आला, दारा सिंग चंद्रावर जातो, तिकडच्या लोकांशी कुस्ती खेळतो. आर्मस्ट्राँग गेला १९६९ ला. म्हणजे आपला माणूस दोन वर्ष आधी जाऊन शड्डू ठोकून आला. दुसरी म्हणजे दरवर्षी १५ ऑगस्टला सकाळी आपल्या चौकाचौकात जे वाजतं ना, जहाँ डाल डाल पर सोने की चिड़िया, ते गाणं दारा सिंगच्या सिनेमातलं आहे. सिकंदर-ए-आझम, १९६५. त्यात हा सिकंदर आणि पृथ्वीराज कपूर पोरस. देशभक्तीचं गाणं पोरसच्या बाजूचं, म्हणजे आपला दारा त्यात परका! ज्याने आयुष्यभर गोऱ्या पैलवानांना पाडून टाळ्या घेतल्या तो इथे बाहेरून चालून आलेला राजा.

पुढे मेरा नाम जोकर, आनंदमधला पैलवान, मर्दमध्ये अमिताभचा बाप, दोराने विमान अडवतो त्यात, वय ५६. कल हो ना हो, जब वी मेटमधले आजोबा. स्वतः डायरेक्शनही केलं, नानक दुखिया सब संसार १९७० चा. मोहालीत स्वतःचा स्टुडिओ काढला. २००३ ते २००९ राज्यसभेत होता, नियुक्त झालेला पहिला खेळाडू. कुस्ती सोडली १९८३ ला, दिल्लीत. म्हणजे वीसेक वर्षं तो दोन्ही करत होता, सकाळी शूटिंग रात्री रिंग, त्यामुळे "पैलवानाचा ॲक्टर झाला" हे वाक्यच मला पटत नाही. कधी झाला, तारीख सांगा.

रॉक_बॉटम_०७

भाऊ लोक एवढे मोठे मोठे निबंध लिहून राहिले. पोट्ट्याचं बरोबर आहे न पण, स्क्रिप्टेड तर आहेच. द रॉक पण असाच गेला पिक्चरमध्ये, १९९६ ला रिंगमध्ये आला, २००२ ला स्कॉर्पियन किंगचा हिरो. आपला खली पण, पंजाब पोलीसमधून डायरेक्ट अमेरिका, २००७ ला वर्ल्ड चॅम्पियन, मग कुश्ती नावाचा पिक्चर राजपाल यादवसोबत, बिग बॉस पण. स्क्रिप्टेड म्हणजे फेक नाही एवढं समजलं की भांडण खतम. खुर्ची पाठीवर पडते ती खरीच पडते.

आणि मंग्या काका तुमच्या पोराला हे दाखवा, त्याच डब्ल्यूडब्ल्यूईनं २०१८ ला दारा सिंगला हॉल ऑफ फेममध्ये घेतलंय. लेगसी विंगमध्ये. आता तो काय बोलन पाहा.

बर्डीची_ताई

मी कुस्तीतलं ओ की ठो कळत नसलेली बाई, पण रामायणाचा विषय निघाला आणि दोन ओळीत गुंडाळला म्हणून राहवलं नाही.

२५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं, मी नववीत होते. आमच्या चाळीत कलर टीव्ही एकाच घरी, रविवारी साडेनऊच्या आत आंघोळी करून सगळे तिथे, पुढच्या रांगेत लहान पोरं, मागे बायका, पुरुष दारात उभे. त्या घरच्या आजी टीव्हीला हळदकुंकू लावायच्या आणि कुंकू काचेवरून ओघळून बरोबर सीतेच्या कपाळाशी यायचं, आम्ही खुसखुसायचो. लाइट गेली की आख्खी चाळ विद्युत मंडळाच्या नावाने बोंबलायची, मग कोणीतरी सायकल मारत दुसऱ्या मोहल्ल्यात जाऊन काय झालं ते पाहून यायचा आणि करून दाखवायचा.

हनुमान यायला बरेच रविवार लागले आणि तोपर्यंत आमच्या घरात रोज तोच विषय, कधी येणार. आणि आला तर दारा सिंग! माझे बाबा उडालेच, अरे हा तर आमच्या कॉलेजच्या वेळचा पैलवान, हा अजून आहे? त्याचं वय तेव्हा ५८ होतं हे मला खूप नंतर कळलं. त्याच्या मुलाने मुलाखतीत सांगितलंय की या वयात हनुमान केला तर लोक हसतील असं त्यांना स्वतःलाच वाटत होतं. आधी १९७६ मध्ये बजरंगबली सिनेमात केला होता म्हणे, पण तो आम्ही पाहिलेला नाही, आमच्यासाठी हाच पहिला.

मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. त्या मुखवट्यात चेहरा सगळा झाकलेला, हसणं नाही, भुवया नाहीत, नुसते डोळे आणि तो जाडा पंजाबी वळणाचा आवाज, ज्याला आधी सिनेमावाले लपवत होते म्हणता तुम्ही. तोच आवाज घराघरात हनुमानाचा झाला. आणि एवढा आडदांड माणूस रामासमोर गुडघ्यावर बसला की एकदम लहान व्हायचा. खांदे आत घेऊन, मान खाली, लेकरासारखा. मी पुढे नाटकात थोडी कामं केली म्हणून सांगते, मोठं दिसणं सोपं असतं, एवढ्या शरीराला लहान दिसणं फार अवघड. ते रिंगमध्ये शिकून येत नसेल, किंवा येत असेल, लाल_माती दादा तुम्ही सांगा.

२०२० ला लॉकडाऊनमध्ये परत लागलं तेव्हा माझ्या मुलीने पाहिलं, व्हीएफएक्सला खूप हसली, बाण कसे जातात आणि काय. हनुमानाला नाही हसली. तेलंगखेडीच्या मारुतीला गेलो की माझ्या डोळ्यापुढे अजूनही तोच चेहरा येतो, आता देवाला हे चालत असेल का माहीत नाही. १२ जुलै २०१२ ला गेले ते, तेव्हा सासूबाईंनी देवाजवळ जास्तीचा दिवा लावला होता, आम्ही कोणी विचारलं नाही कशाला.

लाल_माती

ताई, येते. आखाड्यात पहिली गोष्ट तेच शिकवतात. वस्तादापुढं बसतानी खांदे आत. मातीले हात लावून कपाळाले लावतानी पण. पन्नास इंच छातीचा गडी असो, वस्ताद समोर आले का तो बारका होते. ॲक्टिंग वाटली असन तुमाले, मले तं ते पाहून आमचा आखाडाच आठवत होता.

संशयात्मा

ताईंच्या पोस्टला चांदणी नाही. बाकी माझं म्हणणं कायम.

महालचा_मंग्या

लोकहो, दम खा, अपडेट देतो, आठ दिवस झाले म्हणून शिव्या देऊ नका.

काल रात्री जेवताना हा सगळा धागा आबांना वाचून दाखवला, कानाशी जाऊन, मोठ्यानं, शेजारच्यांनीही ऐकला असन. धर्मूचक, सिंगापूर, ड्रमचा कारखाना, सगळं ऐकलं मान डोलवत. नुराचं आलं तेव्हा मी थोडा आवाज बारीक केला तर म्हणे जोऱ्यात वाच, ऐकू येऊन नाही राहिलं. वाचलं. काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणे, "ठरलं असन. पण दोनशे किलोचा तं होता न तो?" मी म्हटलं होता. म्हणे मंग झालं.

पोट्ट्याला हॉल ऑफ फेमचं दाखवलं तर त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं, रॉक_बॉटम भाऊ थँक्यू. तो स्वतःच मोबाईल घेऊन आबांच्या पलंगावर जाऊन बसला. यूट्यूबवर काळ्यापांढऱ्या जुन्या कुस्तीचा एक तुकडा शोधला त्यानं, इतका खराब की माणूस कोणता आणि दोर कोणता कळत नाही, आणि दोघं मागेपुढे करून पाहून राहिले. पोट्टा म्हणे आबा पाय पाहा, उडी मारली त्यानं, पॉज करतो थांबा. आबा म्हणे कुठं उडी मारली बे, चष्मा दे माझा. अकरा वाजले तरी तेच चालू, शेवटी बायको ओरडली.

आता नागपुरात पाहिलं त्याचं. खूप खोदून विचारलं. तर आबा म्हणे, पाहिला न, टॉकीजमधे. मी म्हटलं आबा तो पिक्चर झाला. म्हणे मंग? मुमताज होती, सर्वात खालचं तिकीट, पडद्याच्या एवढं जवळ बसलो होतो का त्याच्या अंगावरचा घाम दिसत होता, तुले अजून किती जवळून पाहाचं असते. याच्यावर मी काय बोलणार.

आज सकाळी आबा पोट्ट्याला घेऊन ऑटोनं बर्डीवर गेले, न सांगता. आम्ही इकडे शोधून राहिलो. दीड तासानं आले तर पोट्ट्याच्या कमरेला तो चमचम करणारा प्लास्टिकचा चॅम्पियनचा बेल्ट, दुकानदार साडेतीनशे म्हणत होता तर आबांनी भांडून दोनशेला घेतला हे तीन वेळा सांगून झालं. मी म्हटलं आबा, लंगोट तरी घेऊन द्यायची. म्हणे मागत होतो, पोट्टं नाही म्हणते, ते सगळ्यांसमोर कसंतरी दिसते म्हणे. आता ठरलं आहे की दर रविवारी पोह्यानंतर दिवाणावर टायटल मॅच होणार, आबा विरुद्ध पोट्टा, आणि आबा आत्ताच त्याच्या कानात काहीतरी सांगून राहिले की पहिल्या रविवारी तू पडायचं, दुसऱ्या रविवारी मी.

लाल_माती

म्हणजे प्रमोटर आबाच. दिवाणाखाली गादी टाक मंग्या, ८४ वर्षाची हाडं हायेत. आन् बेल्टवर वर्ल्ड चॅम्पियन लिहिलं असन तं फोटो टाकू नको इथं, संशयात्मा येईन चांदणी घेऊन.

संशयात्मा

टाका फोटो.